बहिणीचं केबिन क्रू म्हणून सिलेक्शन झालंय, ट्रेनिंगमध्ये नक्की काय काय असतं?

अमोल_कराड

नमस्कार मंडळी, माझ्या धाकट्या बहिणीचं (वय २१, बीकॉम झालंय, शाळा पूर्ण मराठी मीडियम) एका एअरलाइनमध्ये केबिन क्रू म्हणून सिलेक्शन झालंय. पुण्याला इंटरव्ह्यू होता, हॉटेलचा हॉल पोरींनी भरलेला आणि त्यातनं हिचं नाव आलं, नंतर मेडिकल पण क्लिअर झालं. पुढच्या महिन्यात गुरुग्रामला ट्रेनिंगला बोलावलंय, साधारण तीन महिने म्हणालेत.

आई खूश आहे पण बाबा अजून तयार नाहीत. ते एकच विचारतात, विमानात चहा नि सँडविच वाटायला तीन महिने काय शिकवणार, आणि खरं सांगायचं तर मला पण नीट उत्तर देता येईना म्हणून इथं विचारतोय. दुसरं म्हणजे तिला पाण्याची भीती वाटते, कृष्णा-कोयनेच्या संगमाच्या गावात राहून पोहायला येत नाही, आणि कुणीतरी सांगितलंय की तिथं स्विमिंग पूलमध्ये उतरवतात. तिसरं, दोन वर्षांपूर्वी एका अकॅडमीनं एअर होस्टेस डिप्लोमासाठी पावणेदोन लाख सांगितले होते, तेव्हा आम्ही ते केलं नाही, तर आता बाकीच्या पोरींच्या मागं पडेल का? ती अजून एकदाही विमानात बसलेली नाही. बॉन्डचे पण कागद आलेत. कुणी या लाइनमध्ये असेल तर मोकळेपणानं सांगा, बाबांना वाचून दाखवणार आहे.

गगनसखी

अमोल, आधी बहिणीचं मनापासून अभिनंदन सांग. मी अकरा वर्षं फ्लाय केलं, त्यातली शेवटची चार वर्षं नवीन बॅचेसना एसईपी शिकवायचे, म्हणजे सेफ्टी अँड इमर्जन्सी प्रोसिजर्स. बाबांच्या प्रश्नापासून सुरू करते कारण माझ्या वडिलांनी पण अगदी हेच विचारलं होतं.

काका, चहा दिला नाही तरी विमान उडू शकतं, पण केबिन क्रू नसेल तर उडू शकत नाही. डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) नियम आहे, दर ५० सीटमागे किमान एक क्रू पाहिजे, म्हणून १८० सीटच्या एअरबस ३२० मध्ये चौघं असतात आणि छोट्या एटीआरमध्ये दोघं. त्यातली एक आजारी पडली तर स्टँडबायवरची मुलगी धावत येईपर्यंत विमान थांबवून ठेवतात. मोठ्या प्रवासी विमानाचं मॉडेल पास होण्याआधी दाखवावं लागतं की अंधारात, अर्धेच दरवाजे वापरून, सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात. ती माणसं बाहेर काढणारी म्हणजे तुमची मुलगी. तीन महिन्यांतला मोठा भाग त्या ९० सेकंदांसाठी असतो.

आता प्रत्यक्ष काय करतात ते. ट्रेनिंग सेंटरमध्ये मॉक-अप असतो, म्हणजे विमानाचा खराखुरा तुकडा, सीटा, दरवाजे, धूर सोडायची सोय, सगळं. दरवाजा उघडणं ऐकायला सोपं वाटतं ना? आधी छोट्या काचेतून बाहेर बघायचं, आग आहे का, धूर आहे का, पाणी आहे का. मग स्लाइड (माणसं खाली सरकतात ती फुगणारी घसरगुंडी) आर्म्ड, म्हणजे दार उघडताच फुगायला तयार, आहे ना ते बघायचं, हँडल वर न्यायचं, दरवाजा ढकलायचा, आणि दुसऱ्या हातानं भिंतीचं असिस्ट हँडल घट्ट धरून ठेवायचं, कारण मागून दीडशे माणसं येतायत आणि पहिला धक्का तुम्हालाच बसणार. स्लाइड आपोआप फुगली नाही तर लाल हँडल ओढायचं. आणि हे सगळं करताना तोंडानं ओरडत राहायचं, सीटबेल्ट काढा, सामान सोडा, इकडे या, उडी मारा. प्रत्येक कंपनीचे शब्द वेगळे पण ओरडणं सगळीकडे सारखं. पहिल्या दिवशी मुलींचा आवाजच फुटत नाही, कारण आपल्याकडे मुलीला लहानपणापासून हळू बोल म्हणूनच वाढवलेलं असतं, मग मी त्यांना हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभं करून ओरडायला लावायचे, मला स्पष्ट ऐकू येईपर्यंत. आठवड्याभरात घसे बसतात आणि मग कधीतरी तो आवाज पोटातून येतो.

मी स्वतः पहिल्या डोअर ड्रिलला फेल झाले होते. सगळं पाठ होतं, हँडल झटक्यात वर नेलं, पण काचेतून बघितलंच नाही. इन्स्ट्रक्टरनं बाहेर आगीचं चित्र लावून ठेवलं होतं. ते शांतपणे एवढंच म्हणाले की आत्ता तू केबिनमध्ये आग घेतलीस. त्या रात्री झोप आली नाही. पुढची अकरा वर्षं विमान कुठलंही असो, माझी नजर आधी काचेकडे गेली.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरता उतरता दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं, तेव्हा नेमकं हेच कामी आलं. आत ३७९ जण होते. अनाउन्समेंटची सिस्टिम बंद पडलेली, क्रूनं मेगाफोन घेऊन आणि ओरडून सूचना दिल्या, आठ दरवाज्यांपैकी तीनच उघडले कारण बाकीच्यांच्या बाहेर धोका होता, आणि ३७९ च्या ३७९ जण जिवंत बाहेर आले (दुसऱ्या, कोस्ट गार्डच्या छोट्या विमानातले पाच जण मात्र गेले). काकांना तो व्हिडिओ जरूर दाखव.

पाण्याबद्दल. त्याला वेट ड्रिल म्हणतात. तिला सांग की लाइफ जॅकेट घालूनच उतरायचं असतं, जॅकेट तरंगवतं, कडेला ट्रेनर उभे असतात. काही परदेशी कंपन्या पोहता येणं ही अटच घालतात, हिच्या कंपनीचं काय ते लेटरमध्ये बघून घ्या. पाण्यात काय करायचं तर एकमेकींना धरून गोल करायचा, बेशुद्ध माणसाला ओढत न्यायचं, बाहेरून राफ्टवर, म्हणजे फुगवलेल्या तराफ्यावर, चढायचं. हे चढणं सगळ्यात अवघड, ओले कपडे जड होतात आणि हात घसरतात, एकीनं वरून ओढायचं आणि खालचीनं पाय मारायचे. माझ्या बॅचला जळगावची एक मुलगी होती, पायऱ्यांवर बसून रडली, दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रयत्नात चढली. तुझ्या बहिणीनं आता ट्रेनिंगच्या आधी महिनाभर कराडमध्येच क्लास लावला तरी पुरे, निदान तोंड पाण्यात घालायची भीती जाईल.

जॅकेट विमानाच्या आत फुगवू नका हे प्रत्येक डेमोमध्ये सांगतात, लोक ऐकत नाहीत. १९९६ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं हायजॅक झालेलं विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं, तेव्हा कित्येकांनी आतच जॅकेट फुगवली, पाणी भरल्यावर ते छताला चिकटून अडकले आणि खाली बुडी मारून दरवाज्यापर्यंत जाताच आलं नाही. वर्गात हे शिकवताना माझा आवाज दर वेळी जड व्हायचा.

अकॅडमीचं थोडक्यात. डीजीसीएच्या नियमात बाहेरचा डिप्लोमा लागत नाही, बारावी पास, वय, उंची, मेडिकल या अटी कंपनी बघते आणि शिकवते कंपनीच. पावणेदोन लाख वाचले, मागं वगैरे काही पडत नाही.

विनायक_ठाणे

मी या लाइनमधला नाही पण एक डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. कामानिमित्त आखातात जाणं-येणं असतं. एकदा परतीच्या रात्रीच्या फ्लाइटला जेवण झाल्यावर माझ्या पुढच्या रांगेतले एक काका टॉयलेटकडे जाताना पॅसेजमध्येच कोसळले. ज्या मुलीनं पाचच मिनिटांपूर्वी मला हसून व्हेज का नॉनव्हेज विचारलं होतं तीच क्षणात गुडघ्यावर बसली, पायातले बूट भिरकावले, त्यांच्या शर्टाची बटणं उघडली आणि छाती दाबायला लागली, मोठ्यानं आकडे मोजत, तीस झाले की दोन श्वास. दुसरा मुलगा तोपर्यंत ऑक्सिजनची बाटली आणि ती शॉक द्यायची पेटी घेऊन आला. तिसरीनं डॉक्टर आहे का अशी अनाउन्समेंट केली आणि आम्हाला सगळ्यांना हातानंच मागं सरकवलं. कुणी कुणाला काय कर म्हणून विचारलं नाही, हे माझ्या डोक्यात राहिलंय. एक डॉक्टर बाई पुढं आल्या, पण त्या येईपर्यंतची दोन-तीन मिनिटं त्या पोरीच्या हातात होती.

काका वाचले, उतरताना स्ट्रेचरवर होते पण बोलत होते. नंतर तीच मुलगी पाण्याचा ट्रे घेऊन आली तेव्हा तिचे हात थरथरत होते आणि तरी ग्लास सांडला नाही. मी फक्त थँक्यू म्हणालो, अजून वाटतं जास्त काहीतरी बोलायला हवं होतं.

माधुरीताई

अमोल, माझी मावशी सत्तरच्या दशकात मुंबईतून उडायची, तेव्हा लोकांची नजर आजच्यापेक्षा वाईट होती आणि नियम त्याहून. त्या काळी एअर इंडियात होस्टेसनं पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही आणि पहिल्यांदा गरोदर राहिली की नोकरी गेली, असा नियम होता. नर्गेश मिर्झा आणि इतर होस्टेस त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि १९८१ मध्ये कोर्टानं गरोदरपणाचा नियम रद्द केला (लग्नाची चार वर्षांची अट मात्र तेव्हा ठेवली). आज तुझी बहीण ज्या नोकरीला चाललीये ती नोकरी म्हणून टिकवायला आधीच्या बायका भांडल्यात, हे तिला माहीत असावं असं मला फार वाटतं.

आणि बाबांना नीरजा भनोत आठवत असेल. मुंबईत वाढलेली मुलगी, पॅन अ‍ॅममध्ये केबिन क्रू. ५ सप्टेंबर १९८६, पॅन अ‍ॅमचं मुंबईहून निघालेलं विमान कराचीत अतिरेक्यांनी ताब्यात घेतलं. क्रूनं लगेच कॉकपिटला इशारा दिला म्हणून पायलट कॉकपिटच्या छतातल्या झडपेतून निघून गेले आणि विमान उडवणारं कुणी उरलंच नाही. पुढे तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन प्रवाशांचे पासपोर्ट लपवले, कारण अतिरेकी अमेरिकन लोकांनाच शोधत होते. सोळा-सतरा तासांनी लाइट गेले, गोळीबार सुरू झाला, आणि ती लोकांना बाहेर काढताना गेली. दोन दिवसांनी तेविसावा वाढदिवस होता. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आमच्या मावशीच्या देव्हाऱ्याशेजारी तिचा पेपरातला फोटो शेवटपर्यंत होता.

अमोल_कराड

गगनसखी ताई, माधुरीताई, विनायक सर, काय बोलू कळेना. काल रात्री जेवताना बाबांना सगळं वाचून दाखवलं. नीरजाचं आलं तेव्हा ते जेवायचे थांबले. नंतर म्हणाले, ते पासपोर्ट लपवायचं पण ट्रेनिंगमध्ये शिकवतात का?

बहिणीचा प्रश्न असा आहे की मग सर्व्हिस कधी शिकवतात, का ती पुढं फ्लाइटवरच शिकायची? आणि इंग्लिशची तिला धास्ती आहे.

सध्या_रोस्टरवर

मी आत्ता फ्लाय करतोय, चौथं वर्ष. मूळचा अकोल्याचा, माझंही शिक्षण मराठीतूनच. इंग्लिशबद्दल तिला सांग की सिलेक्शन झालंय म्हणजे बोलता येतंय. अडचण बोलण्याची येत नाही, वाचण्याची येते, कारण मॅन्युअल जाडजूड असतं आणि सारख्या परीक्षा असतात. कुठलं सामान कुठल्या कप्प्यात हे झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवं, आग विझवायच्या बाटल्या किती, ऑक्सिजन किती, मेगाफोन कुठे, धुरात घालायचा स्मोक हूड कुठे. मी सगळ्या गोष्टी आधी मराठीत स्वतःला समजावून सांगायचो आणि मग इंग्लिशमध्ये पाठ करायचो. लेखी पेपरात अडकला तर रिटेस्ट मिळते, पण किती वेळा ते कंपनीवर आहे, त्यामुळे पहिल्यापासून रोजचं रोज वाचायचं.

सर्व्हिस त्याच तीन महिन्यांत असते. ट्रॉली कशी ढकलायची, लाल पेडल दाबलं की ब्रेक, हिरवं दाबलं की सुटते, भरलेली ट्रॉली आपल्यापेक्षा जड असते आणि ती पॅसेजमध्ये एकटी सोडायची नाही. गरम पाणी कुणाच्या हातातल्या कपात ओतायचं नाही, कप आपल्या ट्रेवर घ्यायचा, पॅसेजच्या बाजूला धरून पाणी ओतायचं आणि मग द्यायचा. विमान हादरायला लागलं की गरम किटली आधी खाली ठेवायची. गॅलीतला (विमानातलं स्वयंपाकघर) प्रत्येक लॅच, म्हणजे कप्प्याची खिट्टी, हातानं दाबून बघायचा. माझ्या लीडनं, म्हणजे क्रूच्या प्रमुखानं, पहिल्या फ्लाइटला मी लावलेले सगळे लॅच पुन्हा स्वतः तपासले होते, मला वाईट वाटलं, आता मी नवीन पोरांचे तसेच तपासतो.

मग ग्रूमिंग. केसांचा अंबाडा, नखं, युनिफॉर्म, हे रोज तपासतात, आणि पोरींना सुरुवातीला त्याचा फार कंटाळा येतो. क्लासरूम संपला की ऑब्झर्व्हेशनच्या फ्लाइट असतात, त्यात तुम्ही एक्स्ट्रा असता, सिनियरच्या हाताखाली काम करता, मग चेक होतो आणि मग रिलीज, म्हणजे स्वतंत्र ड्युटी. ड्युटीच्या आधी अल्कोहोल टेस्ट असते, १२ तास आधीपासून थेंबही नाही, त्यामुळे लग्नाकार्यात काळजी घ्यावी लागते, औषधांमधलं अल्कोहोल सुद्धा बघावं लागतं. आणि दरवर्षी रिफ्रेशर असतं, आग, दरवाजे, फर्स्ट एड परत सगळं, फेल झालं तर रोस्टरवर नाव येत नाही.

बॉन्ड सही करायच्या आधी वकिलाला दाखव. रक्कम किती, किती वर्षं, ट्रेनिंगमध्येच फेल झाली तर काय, एवढं तरी विचारून घे. आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ फोन ठेव.

गगनसखी

वरच्या भावाचं सगळं बरोबर. फक्त सर्व्हिस वेगळी नि सेफ्टी वेगळी असं बहिणीनं डोक्यात ठेवू नये, मला या एका गोष्टीबद्दल जरा जास्तच बोलायचंय कारण वर्गात मी सगळ्यात जास्त याच्यावर भांडायचे.

दरवाज्यात उभं राहून नमस्कार म्हणतो ना आपण, तेव्हा आम्ही माणूस वाचत असतो. कोण दारू प्यायलंय, कुणाचा श्वास फुलतोय, कोण गरोदर आहे, कुणाचा पाय प्लास्टरमध्ये आहे. आणि तेवढ्याच वेळात हेही हेरून ठेवायचं की मदतीला कोण येईल, सैन्यातला, पोलीस, डॉक्टर, नुसता धडधाकट पोरगा असला तरी चालेल, त्याचा सीट नंबर लक्षात ठेवायचा. हसून बोलल्याशिवाय माणूस तुमच्याकडे बघत नाही आणि बघितल्याशिवाय तुम्हाला काही कळत नाही. ट्रे गोळा करत फिरणं, टॉयलेट साफ आहे का बघायला जाणं, यात पण नाक नि डोळे काम करत असतात. १९७३ मध्ये पॅरिसजवळ व्हॅरिगचं विमान टॉयलेटमधल्या आगीमुळे गेलं, १२३ माणसं गेली. म्हणून आजही विमानात सिगारेट पूर्ण बंद असताना टॉयलेटला अ‍ॅशट्रे असतो, कुणी मूर्खपणा केलाच तर थोटूक कचऱ्याच्या डब्यात जाऊ नये. टॉयलेटच्या दारातून धूर आला तर हाताच्या मागच्या बाजूनं दार चाचपायचं, तापलंय का, मगच किंचित उघडायचं, हे बोटांना सवय होईपर्यंत करवून घेतात.

आजकाल त्याहून जास्त भीती मोबाइल नि पॉवर बँकेची. बॅटरी पेटली तर आधी हॅलॉनच्या (आग विझवणारा गॅस) बाटलीनं ज्वाळा मारायच्या आणि मग पाणी ओतत राहायचं, कारण आतून ती परत परत पेटते. बर्फ ठेवायचा नाही, त्यानं उष्णता आतच कोंडते. मोबाइल सीटच्या फटीत पडला तर सीट हलवू नका, बोलवा असं क्रू म्हणते ते याचसाठी. पॅसेंजरला वाटतं आगाऊपणा करतायत.

काका, पासपोर्ट लपवायचं कुठल्या पुस्तकात नसतं. हायजॅक झाला तर कसं वागायचं, कॉकपिटला कसं कळवायचं हे शिकवतात. पुढचं नीरजानं तिचं तिनं केलं.

अमोल, ती पहिल्यांदाच विमानात बसणार ना? तिला पुढची, पॅसेजकडची सीट घेऊन दे, थोडे जास्त पैसे लागतील. बसल्या बसल्या दरवाज्यापर्यंत किती सीटच्या पाठी आहेत ते मोजायचं, धुरात दिसत नाही, हातानं मोजतच जावं लागतं. आणि टेकऑफच्या वेळी समोर जंप सीटवर (दरवाज्याजवळची क्रूची घडीची सीट) बसलेल्या क्रूकडे बघायचं. पाठ ताठ, हात मांडीखाली, कुणाशी बोलत नाही, डोळे उघडे. त्या वेळी ती मनातल्या मनात सगळं म्हणत असते, दरवाजा कसा उघडायचा, सामान कुठं, मदतीला कोण, काय ओरडायचं. टेकऑफनंतरची तीन मिनिटं आणि लँडिंगच्या आधीची आठ मिनिटं सगळ्यात धोक्याची म्हणून.

अमोल_कराड

अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी. बॉन्ड वकिलांना दाखवला, दोन मुद्दे कंपनीला मेल करून विचारले, उत्तर आलं. तीन आठवडे तिनं इथल्या टँकवर क्लास केला, अजून खोल पाण्यात जात नाही पण डोकं बुडवते.

रविवारी पुण्याहून दिल्लीला गेली. बाबा एअरपोर्टपर्यंत आले, आत जाताना तिला म्हणाले, मोठ्यानं ओरडायला शिक. उतरल्यावर तिचा फोन आला. तिसऱ्या रांगेत सीट होती, पुढच्या दरवाज्यापर्यंत दोनच पाठी, मागं पंखाजवळच्या दरवाज्यापर्यंत नऊ, दोनदा मोजल्या म्हणे. समोरच्या जंप सीटवर एक मुलगी होती, वयानं हिच्याएवढीच असेल. दादा, विमान पळायला लागलं तेव्हा तिचे ओठ अगदी बारीक हलत होते, असं सांगत होती.

वेट ड्रिल तिसऱ्या आठवड्यात आहे.

गगनसखी

तिला सांग केस घट्ट बांधून जायचं, आणि आदल्या रात्री पोटभर जेवायचं. झालं की इथं नक्की लिही.